मुलांना विज्ञानाकडे वळवायचंय? मग भाषण सर्वांत शेवटी ठेवा

मुलांसाठीच्या विज्ञान कार्यक्रमांत बहुतेक ठिकाणी क्रम असा असतो. आधी मोठे पाहुणे येतात, तासभर बोलतात. मग धूर, फेस, भडका असलेले दोन-चार प्रयोग होतात. शेवटी 'विज्ञानातल्या करिअरच्या संधी' असा तक्ता पडद्यावर येतो. मुलं टाळ्या वाजवून घरी जातात आणि आठवड्याभरात सगळं विसरतात. मग आयोजक एकमेकांना सांगतात, 'आजकालच्या मुलांना विज्ञानात रसच नाही.'

रस असतो. लंडनमधल्या संशोधकांनी इंग्लंडमध्ये वर्षानुवर्षं चालवलेल्या 'अस्पायर्स' या अभ्यासात १० ते १४ वयाच्या मुलांपैकी बहुतेकांना शाळेतलं विज्ञान आवडत होतं. शास्त्रज्ञ व्हायचंय असं म्हणणारी मात्र १५ टक्क्यांच्या आसपास होती. मुलाला विषय आवडतो, पण ते काम आपल्यासारख्याचं आहे असं वाटत नाही. ते वाटायला लावायचं तर क्रम उलटा करावा लागतो: आधी हाताने केलेलं मोजमाप, मग स्वतःचा प्रश्न, मग ते काम रोज करणारं माणूस, आणि करिअरची चर्चा त्यानंतर.

खालची आखणी सहा आठवड्यांची आहे, आठवड्याला दीड तासाची एक बैठक धरून. शिक्षक, पालक, ग्रंथालय चालवणारे, कुणीही ती राबवू शकतं. विज्ञानाची पदवी लागत नाही, सबुरी लागते.

## तयारी: मुलं येण्याआधीचे दोन आठवडे

गट. ६ ते ८ मुलं, वय १३ ते १६. गट मोठा झाला की दोघं काम करतात आणि बाकीचे बघत बसतात. हे वय निवडायला कारण आहे. २००६ साली 'सायन्स' या नियतकालिकात एक अमेरिकी अभ्यास आला होता. आठवीत असताना ज्यांनी 'तिशीत मी विज्ञानातलं काम करत असेन' असं सांगितलं होतं, त्यांचं पुढे विज्ञानाची पदवी घेण्याचं प्रमाण इतरांपेक्षा बरंच जास्त निघालं.

फक्त पहिल्या नंबरची मुलं घेऊ नका. उत्तर बरोबर येण्याची त्यांना इतकी सवय असते की प्रयोग फसला की ती गप्प तरी होतात किंवा आकडे 'नीट' करून तरी आणतात. घरातल्या वस्तू खोलून बसणारा, वर्गात नको तिथे 'पण का?' विचारणारी, अशी दोघं-तिघं गटात हवीतच.

सामान. न ताणला जाणारा जाड दोरा, एकाच मापाचे १०-१२ लोखंडी नट, मीटरपट्टी, कोनमापक, स्टॉपवॉच (मोबाइलमधलं चालेल), आणि प्रत्येकाला एक शिवलेली वही व पेन. पेन्सिल, खोडरबर आणि सुटे कागद आणूच नका.

तालीम. पहिला प्रयोग स्वतः दोनदा करून बघा. बरोबर उत्तर पाठ करण्यासाठी ही तालीम नाही. कुठे चुकायला होतं ते कळण्यासाठी आहे.

पाहुणा. त्यांना आत्ताच गाठा, पण तारीख पाचव्या आठवड्याची घ्या. संशोधनात काम करणाऱ्या माणसाची वेळ मिळायला महिना सहज जातो.

चित्र. पहिल्या दिवशी, काहीही बोलण्याआधी, प्रत्येकाला विज्ञानाच्या कामाचं एक चित्र काढायला सांगायचं. पाकिटात घालून बंद करायचं. डेव्हिड चेंबर्स यांनी १९८३ साली ४,८०७ मुलांनी काढलेल्या शास्त्रज्ञांच्या चित्रांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात बाई शास्त्रज्ञ फक्त २८ चित्रांत होती, आणि ती अठ्ठावीसही मुलींनी काढलेली. मराठीत आणखी एक मेख आहे. 'शास्त्रज्ञ काय करतो ते काढा' म्हटलं की क्रियापदच पुरुष ठरवून मोकळं होतं. 'विज्ञानात काम करणारी व्यक्ती' म्हटलं की तराजू दुसरीकडे झुकतो. म्हणून 'विज्ञानाचं काम चाललंय, असं चित्र काढा' एवढंच सांगा.

> जपा: 'आज आपण सगळे शास्त्रज्ञ बनू या' असं म्हणू नका, 'आज आपण विज्ञान करू या' म्हणा. ४ ते ९ वयाच्या मुलांवर झालेल्या एका अभ्यासात (प्रसिद्धी २०१९) दुसऱ्या तऱ्हेने बोललं तेव्हा मुली कामात जास्त टिकून राहिल्या. मोठ्या मुलांच्या बाबतीत माझा अनुभवही तोच आहे. 'मी तसा नाही' असं वाटणारं मूल काम करायला तयार असतं, सोंग घ्यायला नसतं.

## टप्पा १: लंबक, आणि मोजण्याचा पहिला धडा (पहिला आठवडा)

दोऱ्याला नट बांधून लंबक टांगा. टेकूपासून नटाच्या मध्यापर्यंत ५० सेंटीमीटर. झोका म्हणजे इकडून तिकडे आणि परत, हे आधी सगळ्यांत ठरवून घ्या, नाहीतर निम्म्या गटाचे आकडे दुसऱ्या निम्म्याच्या दुप्पट येतात.

1. सोडण्याआधी प्रत्येकाने अंदाज वहीत लिहायचा: नट एकाऐवजी तीन लावले तर झोका लवकर होईल, उशिरा होईल की तेवढाच वेळ लागेल? आणि तसं का वाटतं? पेनने, तारखेसह.
2. आता एका झोक्याचा वेळ प्रत्येकाने मोजायचा. आकडे फळ्यावर एकाखाली एक.
3. फळ्याकडे बघा आणि गप्प बसा.

आकडे १.२ पासून १.७ सेकंदांपर्यंत कुठेही असतील. पाच मिनिटांत कुणीतरी म्हणेलच, 'बटण दाबायला उशीर होतोय.' डोळ्याने पाहून बोट हलेपर्यंत साधारण ०.२ सेकंद जातात. मग ही चूक कमी कशी करायची, हा प्रश्न मुलांपुढे टाका. '२० झोके मोजू आणि २० ने भागू' हे उत्तर मुलांकडून यायला हवं. दहा मिनिटं लागली तरी थांबा. हे उत्तर तुम्ही दिलंत तर पुढचे पाच आठवडे मुलं तुमच्या तोंडाकडे बघत बसतील.

> तपासा: ५० सेंटीमीटरच्या लंबकाला २० झोक्यांसाठी सुमारे २८.४ सेकंद लागतात. गटाचे आकडे २८ ते २९ मध्ये येत असतील तर पुढे जा. अर्ध्यावर येत असतील तर कुणीतरी अर्धा झोका पूर्ण धरतंय.

> जपा: लंबक १०-१५ अंशांच्या आतूनच सोडा. उत्साहात ४० अंशांवरून सोडला तर २० झोक्यांमागे अर्ध्या सेकंदाहून जास्त वेळ वाढतो आणि पुढची तुलना बिघडते.

## टप्पा २: भांडण होऊ द्या (दुसरा आठवडा)

सगळ्या आखणीतला हा माझा आवडता टप्पा, आणि लोक नेमका हाच गाळतात.

आता तीन नट लावून मोजायचं. नट कसे बांधायचे ते सांगू नका. एक जोडी तिन्ही नट एकाच गाठीत घट्ट बांधेल. दुसरी जोडी ते एकाखाली एक, माळेसारखे ओवेल. पहिल्या जोडीला उत्तर येईल, 'काही फरक नाही, २८.४.' दुसरीला येईल २८.९. पाचदा मोजलं तरी २८.९ च्या आसपासच.

'तू उशिरा दाबलंस.'
'पाचही वेळा? तूच धर मग घड्याळ.'
घड्याळ हातबदल होतं. पुन्हा २८.९.
'म्हणजे वजनाने फरक पडतो!'
'आमच्याकडे नाही पडला. आमचेपण तीनच आहेत.'

इथे तुमची जीभ शिवशिवेल. उत्तर तुम्हाला माहीत आहे: साध्या लंबकाचा काळ वजनावर ठरत नाही, लांबीवर ठरतो. पुस्तकात तसं लिहिलंय, हे वाक्य गिळून टाका. एकच प्रश्न विचारा: 'दोन्ही लंबकांत वजन सोडून आणखी काय वेगळं दिसतंय?'

मुलं जवळ जाऊन बघतात. कुणीतरी पट्टी लावतं. दोन सेंटीमीटर व्यासाचे तीन नट एकाखाली एक टांगले तर वजनाचा मध्य मधल्या नटावर, म्हणजे दोन सेंटीमीटर खाली जातो. लंबक आता ५० नव्हे, ५२ सेंटीमीटरचा झालेला असतो. अर्धा सेकंद तिथून आला. माळवाल्या जोडीने दोरा दोन सेंटीमीटरने आखूड करून पुन्हा मोजलं की आकडा २८.४ वर येतो, आणि तेव्हा जो आवाज खोलीत उठतो तो कुठल्याही भडका-प्रयोगाला येत नाही.

वेळ उरला तर लांबीचा खेळ करा. २५ सेंटीमीटरचा लंबक झोक्याला जवळपास १ सेकंद घेतो. १०० सेंटीमीटरचा किती घेईल? बरेच जण ४ लिहितात. येतात २. याचं स्पष्टीकरण आज देऊ नका, वहीत प्रश्न म्हणून लिहून ठेवू दे.

> तपासा: बैठक संपल्यावर वह्या चाळा. पहिल्या दिवशीचा चुकलेला अंदाज अजून तसाच आहे का? कुणी तो खोडून 'बरोबर' केला असेल तर न रागावता, सगळ्यांसमोर, तुमचा स्वतःचा एखादा चुकलेला अंदाज वाचून दाखवा. खोडायचंच असेल तर एक आडवी रेघ, खालचं वाचता येईल अशी.

## टप्पा ३: स्वतःचा प्रश्न (तिसरा आठवडा)

आता प्रत्येक जोडीने स्वतःचा प्रश्न आणायचा. पहिल्या फेरीचे प्रश्न हमखास अवाढव्य असतात: कृष्णविवरात काय असतं, मोबाइलने मेंदू खराब होतो का. ते हसण्यावारी नेऊ नका. वहीच्या शेवटच्या पानावर 'मोठे प्रश्न' म्हणून लिहून घ्या. बाकीच्या प्रश्नांना ही चाळणी लावा:

1. हाताशी असलेल्या साधनांनी मोजता येतं का? सेंटीमीटरात, सेकंदात, ग्रॅममध्ये किंवा नुसतं मोजून?
2. दोन आठवड्यांत किमान पाचदा पुन्हा करता येतं का?
3. एकच गोष्ट बदलून बाकी सगळं तेच ठेवता येतं का?
4. कुणाला, अगदी मुंगीलाही, इजा होत नाही ना?

मोठा प्रश्न बारीक करणं हीच या टप्प्याची खरी मेहनत. 'मुंग्यांना गोड कसं कळतं?' याचं झालं: 'साध्या पाण्याचा थेंब आणि साखर-पाण्याचा थेंब शेजारी ठेवले, तर किती साखर असल्यावर जास्त मुंग्या गोड थेंबाकडे जातात?' 'कुठला कागद चांगला?' याचं झालं: 'एकाच रुंदीच्या पट्ट्या पाण्यात उभ्या धरल्या, तर १० मिनिटांत पाणी कुठल्या कागदात किती वर चढतं?' दुसरा प्रश्न ऐकायला नीरस वाटतो. प्रत्यक्षात तो प्रश्न घेतलेल्या मुली वेळ संपून गेल्यावरही पट्ट्यांवर रेघा मारत बसल्या होत्या.

नेहमीची चूक: मोठी माणसं स्वतःच्या आवडीचा प्रश्न मुलाच्या तोंडी घालतात. ओळखायचं कसं? मूल प्रश्न सांगताना तुमच्याकडे बघत असेल, तर तो तुमचा आहे.

## टप्पा ४: फसण्याचे दिवस (तिसरा ते पाचवा आठवडा)

आता काम घरी किंवा मोकळ्या वेळात चालतं आणि बिघडतं. मुंग्या येतच नाहीत. कागदाची पट्टी मधेच वाकते. बिया कुजतात. याच दिवसांत मुलं गळतात.

तुमचं काम तीन प्रश्नांपुरतं: काय केलंत, काय दिसलं, आता काय बदलून बघाल? मांडणीला हात लावू नका. एकदा मी राहवलं नाही म्हणून एका मुलाची तिरकी मांडणी सरळ करून दिली. उत्तर छान आलं. पुढच्या आठवड्यात तो वही न घेता आला आणि म्हणाला, 'तुम्हीच सांगा ना पुढे काय करायचं.'

न जुळणारा आकडा फेकायचा नाही, गोल करून ठेवायचा. १९६७ साली जॉसलिन बेल या विद्यार्थिनीने रेडिओ दुर्बिणीच्या लांबच लांब कागदी आलेखांवर एक बारीकशी, न जुळणारी खूण पाहिली आणि ती सोडून दिली नाही. दर १.३ सेकंदांनी येणारे ते स्पंद म्हणजे पहिला सापडलेला पल्सार, ठरावीक वेळाने रेडिओ स्पंद पाठवणारा, वेगाने फिरणारा तारा. ही गोष्ट मुलांना सांगा, पण आलेखावर खरोखर एखादं न जुळणारं टिंब असेल तेव्हाच. एरवी ती आणखी एक थोर कथा होऊन बसते.

एखाद्या जोडीचा प्रश्न पुरताच मेला, तर त्यांना रिकामं ठेवू नका. 'झूनिव्हर्स' या संकेतस्थळावर खऱ्या संशोधनातली छायाचित्रं सामान्य लोक वर्गीकृत करतात. आकाशगंगांची छाननी करणारा 'गॅलेक्सी झू' हा त्यातला २००७ साली सुरू झालेला प्रकल्प. आसपासचे पक्षी मोजून 'ईबर्ड' या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर नोंदवणं हाही चांगला पर्याय आहे. वयाची अट आणि पालकांची परवानगी आधी पाहून घ्या.

> तपासा: चौथ्या आठवड्याच्या शेवटी प्रत्येक वहीत किमान एक तक्ता, एक आलेख आणि एक फसलेला प्रयत्न असायला हवा. फसलेला प्रयत्न एकही नसेल तर आकडे घरी 'बनवले' गेले असण्याची शक्यता धरा आणि एक मोजमाप समोर पुन्हा करून घ्या.

## टप्पा ५: माणूस भेटवा (पाचवा आठवडा)

कुणाला बोलवायचं? सर्वांत नामवंत व्यक्तीला नाही. मुलांपेक्षा पाच-दहा वर्षांनीच पुढे असलेल्याला: पीएचडी करणारी विद्यार्थिनी, प्रयोगशाळेतला तंत्रज्ञ, रानावनात नमुने गोळा करणारा. पुरस्काराने मढलेल्या माणसाकडे बघून मुलं भारावतात, आणि भारावलेलं मूल 'आपल्याला कसलं जमतंय' म्हणून निवांत होतं. शक्य असेल तर दोघांना बोलवा, त्यात एक तरी बाई.

पाहुण्यांना काय हवंय ते आधी लिहून कळवा. नाहीतर ते चाळीस स्लाइड घेऊन येतात, त्यांचा दोष नसतो. माझा मजकूर साधारण असा असतो:

'नमस्कार. तुमचं भाषण नको आहे, तुमचा वेळ हवा आहे. आधी मुलं त्यांचे प्रयोग दाखवतील, प्रत्येक जोडी पाच मिनिटं. तुमच्या सहकाऱ्याला विचाराल तसे प्रश्न त्यांना विचारा. नंतर वीस मिनिटं मागच्या आठवड्यातला तुमचा एक दिवस सांगा: सकाळी काय केलंत, काय बिघडलं, कंटाळा कुठे आला. कामात वापरता अशी एखादी वस्तू आणि तुमची स्वतःची नोंदवही आणता आली तर फार बरं.'

नोंदवहीचा आग्रह सोडू नका. मोठ्या माणसाच्या वहीतही आडव्या रेघा, 'हे का आलं??' अशी खरडलेली ओळ आणि चहाचा डाग असतो, हे मुलं बघतात आणि आपली वही शेजारी सरकवतात.

मुलांचे प्रश्न अडवू नका. पगार, सुट्ट्या, लग्न, 'तुम्ही कधी नापास झालात का?' सगळं चालेल. मुलं हे काम स्वतःला लावून बघत असतात तेव्हाच असं विचारतात.

> जपा: आभाराचं भाषण, हारतुरे, गटफोटो यांत वीस मिनिटं जाऊ देऊ नका. फोटो हवाच तर काम चालू असताना काढा.

## टप्पा ६: आता करिअर (सहावा आठवडा)

मुलांना पुढे जायचं ठिकाण दिसायला लागलंय. आता रस्ता उलट्या बाजूने आखा. प्रत्येकाने एक काम निवडायचं आणि तिथून मागे यायचं: हे काम करायला कुठली पात्रता लागते, त्या पात्रतेला कुठले विषय, ते विषय कुठल्या वर्षी निवडावे लागतात, आणि माझ्यापुढचा सर्वांत जवळचा निर्णय कुठला? कागदावर चार-पाच चौकटी, उजवीकडून डावीकडे.

कामांची यादी 'शास्त्रज्ञ'पाशी संपवू नका. प्रयोगशाळा तंत्रज्ञ, उपकरणं बनवणारे आणि दुरुस्त करणारे, माहितीचं विश्लेषण करणारे, वैज्ञानिक चित्रकार, संग्रहालयातले अभ्यासक, पेटंटचं काम पाहणारे, विज्ञान पत्रकार. यांतल्या कित्येक कामांना पीएचडी लागत नाही. संशोधनात जायचं असेल तर मात्र खरं सांगा: पदवीनंतरही बरीच वर्षं शिक्षण, पीएचडीलाच साधारण तीन ते सहा वर्षं, आणि ती केलेल्या सगळ्यांना विद्यापीठात कायमची जागा मिळत नाही. हे लपवलंत तर मूल ते दुसऱ्या कुणाकडून ऐकेल आणि तुमचं बाकीचंही खोटं ठरवेल.

एक सल्ला मी ठामपणे देतो: गणित सोडण्याची घाई करू नका. नंतर जीवशास्त्राकडे परत येणं तुलनेने जमतं, गणिताकडे परत येणं फार थोड्यांना जमतं.

पालक. त्यांना याच आठवड्यात बोलवा, अर्धा तास पुरतो. तुम्ही बोलू नका. प्रत्येक मुलाने आपली वही पालकांच्या हातात देऊन एक पान समजावून सांगायचं, शक्यतो फसलेल्या प्रयोगाचं. त्यानंतर पालक विचारतील, 'पण यात पुढे काय?' चौकटींचा कागद तेव्हा पुढे करायचा. कागद आधी दाखवला तर सगळी चर्चा पगारावर जाते आणि वही उघडलीच जात नाही.

## त्यानंतर

शेवटच्या बैठकीत पुन्हा तेच चित्र काढायला सांगा आणि पहिल्या दिवशीचं पाकीट फोडा. दोन्ही चित्रं मुलांनाच शेजारी-शेजारी ठेवू द्या. पांढरा कोट आणि धूर निघणारं चंचुपात्र जाऊन तिथे पट्टी, वही आणि वैतागलेला चेहरा आला असेल, तर सहा आठवडे कामी आले.

'मी शास्त्रज्ञ होणार' म्हणणारे हात मोजू नका. त्या दिवशी सगळेच हात वर करतात. तीन महिन्यांनी एकच गोष्ट बघा: कुणी सांगितलेलं नसताना वहीत नवं पान कुणी लिहिलंय? आठांतल्या दोघांनी लिहिलं असेल तरी पुष्कळ झालं.

त्या दोघांसाठी बैठकीची जागा आणि वेळ आणखी काही महिने तशीच मोकळी ठेवा. कार्यक्रम नको. दोरा, नट आणि पट्टी कपाटात राहू द्या, आणि ती मुलं आली की तुम्ही कोपऱ्यात तुमचं दुसरं काहीतरी काम करत बसा.